दाखला सांगा, तात्पर्य मात्र मुलांवर सोडा

धार्मिक शिक्षणाचा तास बहुतेक वेळा फसतो तो शेवटच्या पाच मिनिटांत. गोष्ट रंगलेली असते आणि आपण घाईने फळ्यावर ‘बोध’ लिहून मोकळे होतो. मुलं तो वहीत उतरवतात, विषय संपला.

येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचाच दाखला, म्हणजे बोधकथा, घ्या (बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, 15:11-32). बापाकडून वाटा घेऊन तो उधळून टाकलेला धाकटा मुलगा परत आला, बापाने आनंदाने मेजवानी सुरू केली, इथवर सगळ्यांना पाठ असतं. थोरला भाऊ मात्र रागाने बाहेरच उभा आहे. मला कधी साधं करडूही दिलं नाही, ही त्याची तक्रार. तो आत गेला की नाही, हे येशू सांगतच नाही! वर्गाला विचारा: तुम्ही आत गेला असता का? आणि मग गप्प राहा, निदान अर्धा मिनिट. (शिक्षकाला हेच सगळ्यात जड जातं.)

आणखी एक गंमत मुलांनाच शोधू द्या. थोरला म्हणतो, ‘हा तुमचा मुलगा’. बाप उत्तर देतो, ‘हा तुझा भाऊ’. तीस आणि बत्तीस ही दोन वचनं शेजारी शेजारी वाचायला लावली की एखादं तरी पोर चटकन मान वर करतं.

‘पण हे अन्यायाचंच आहे’ असं कुणी म्हणालं, तर लगेच दुरुस्त करू नका. वर्गात इतर धर्मांची मुलं असतील, तर प्रश्न ‘तुमचा विश्वास काय’ असा नको, ‘या माणसाला काय वाटलं असेल’ असा ठेवा. गुण द्यायचेच असतील तर वाचनाला आणि विचाराला द्या, श्रद्धेला नको.