दोन रकाने आणि देवगिरीची लूट

एम.ए.च्या पहिल्या वर्षी 'धर्म आणि राजसत्ता' या विषयासाठी मी वहीत दोन रकाने आखले होते. डावीकडे ख्रिस्ती: 'कैसराचे ते कैसराला, देवाचे ते देवाला', म्हणजे वेगळे. उजवीकडे इस्लाम: मदिनेत पैगंबर हेच राज्यकर्ते, म्हणजे एकत्र. सरांनी वही चाळली आणि विचारलं, "हे कुठल्या शतकातलं?" मी गप्प.

हा विषय घेणार असाल तर वचनांपासून नको, भांडणांपासून सुरुवात करा. १०७७ च्या जानेवारीत जर्मन राजा हेन्री चौथा इटलीतल्या कानोसा किल्ल्याबाहेर तीन दिवस ताटकळला, कारण पोप ग्रेगरी सातव्याने त्याला बहिष्कृत केलं होतं. वाद बिशप कोणी नेमायचे याचा. बिशपांकडे जमिनी होत्या, राजा त्यावरचा हक्क सहजासहजी सोडणार कसा? ११२२ मध्ये जर्मनीतल्या वर्म्सला तडजोड झाली. दोन सत्ता वेगळ्या मानल्या होत्या, म्हणूनच तर बांधावरून एवढी मारामारी.

आता बगदाद. ८३३ मध्ये खलिफा मामूनने 'कुराण निर्मित आहे', म्हणजे अनादी नाही, हे मत उलेमांवर, म्हणजे धर्मपंडितांवर, लादायला चौकशी सुरू केली, तिला मिहना म्हणतात. त्या उलेमांपैकी अहमद इब्न हंबल बधले नाहीत. पुढच्या खलिफाने त्यांना फटके मारले. अखेर खलिफा मुतवक्किलने हा प्रकार थांबवला. श्रद्धा काय असावी हे ठरवणं खलिफाला जमलं नाही, ते उलेमांकडेच राहिलं. पण उलेमांना पोप नव्हता, बहिष्काराचा हुकूम काढणारी एकच गादी नव्हती. खरा फरक मला इथे दिसला. तेव्हा 'खलिफा म्हणजे मुसलमानांचा पोप' असं उत्तरपत्रिकेत लिहू नका, फार लिहितात.

आपल्याकडचा दाखला हवा असेल तर दिल्ली सल्तनतीचा चौदाव्या शतकातला इतिहासकार बरनी काढा. अलाउद्दीन खिलजीने काझी मुगीसला विचारलं, सुलतान होण्याआधी देवगिरीहून आणलेली संपत्ती माझी की सरकारी खजिन्याची? काझी म्हणाला, खजिन्याची. ती फौजेच्या बळावर आली. सुलतान खवळला. दुसऱ्या दिवशी काझी घरच्यांचा निरोप घेऊनच दरबारात गेला, आणि त्याला इनाम मिळालं. पण सुलतानाने बजावलं ते असं: शरियतला धरून आहे की नाही ते मला ठाऊक नाही, राज्याच्या हिताचं दिसेल तो हुकूम मी देतो.

बरनीने हे लिहिलं कित्येक दशकांनी, शिवाय सुलतान कसा असावा याबद्दल त्याची स्वतःची ठाम मतं होती. तेवढं समासात लिहून ठेवा.