प्लेऑफमधून बाहेर पडलेल्या स्टारचं पुढं काय? अंदाज असा बांधा

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेऱ्यांत, आपला आवडता खेळाडू हरला की पहिले दोन दिवस मोबाइलवरच्या कोणत्याही भाकितावर विश्वास ठेवू नका. मी धरमपेठेत पोरांना बास्केटबॉल शिकवतो. मे महिन्यात आमची बॅच पहाटेच भरते, कारण आठ वाजले की नागपूरच्या उन्हात सिमेंटच्या कोर्टवर उभं राहवत नाही. एनबीएचे सामनेही आपल्याकडे सकाळीच असतात, फायनलचे सामने तर साधारण सहाला सुरू होतात. पोट्टे घरी पळत जाऊन शेवटचे क्वार्टर बघतात आणि संध्याकाळी तावातावानं ग्राउंडवर येतात. “सर, संपला ना तो?” आणि “सर, आता टीम सोडते का जी?” हे दोन प्रश्न दर वर्षी ठरलेले. त्यांची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात, म्हणून ते एकत्र करू नका.

“संपला का” हे आधी घ्या. त्यात पहिल्यांदा शरीर बघायचं. २०१८ मध्ये सात सामन्यांच्या सिरीजमध्ये ह्यूस्टनचा संघ गोल्डन स्टेटविरुद्ध ३-२ नं पुढं होता. ह्यूस्टनच्या ख्रिस पॉलचं हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) दुखावलं, तो शेवटचे दोन सामने खेळलाच नाही आणि सातव्या सामन्यात ह्यूस्टनचे सलग २७ थ्री पॉइंटर चुकले. त्या सिरीजवरून पॉलबद्दल निकाल देणं अन्याय आहे. अकिलीस टेंडन (टाचेमागची जाड शीर) तुटलं असेल तर जवळजवळ अख्खा पुढचा सीझन गेला असं धरून चाला, पण खेळाडूचं वयही लगेच शेजारी लिहा. २०२५ च्या प्लेऑफमध्ये डेमियन लिलार्ड आणि जेसन टेटम या दोघांचंही अकिलीस तुटलं. लिलार्ड तेव्हा ३४ चा होता. मिलवॉकीनं त्याच उन्हाळ्यात त्याला मोकळं केलं आणि त्याचे उरलेले सुमारे ११.३ कोटी डॉलर पाच वर्षांत वाटून द्यायचं पत्करलं. टेटम २७ चा, त्याला बोस्टननं ठेवून घेतलं. केव्हिन ड्युरँटचं अकिलीस २०१९ च्या फायनलमध्ये तुटलं, पुढचा अख्खा सीझन तो बाहेर राहिला, आणि परत आला तो पुन्हा त्याच तोडीचा स्कोरर म्हणून.

शरीर ठीक असेल तर वही काढा. हाच भाग मला सगळ्यात जास्त शिकवावासा वाटतो, कारण पोरं स्कोअर बघतात आणि सामना बघायचा राहून जातो. हरलेल्या सिरीजचे शेवटचे दोन सामने घ्या, त्यातले फक्त चौथे क्वार्टर. पानावर तीन रकाने आखा: चेंडू त्याच्या हातात कुठं आला, समोर कोण उभा होता, पुढं काय झालं. शॉट चुकला तर साधी फुली. मोकळा शॉट सोडून पास दिला तर लाल पेननं गोल. दोन्ही क्वार्टर संपेपर्यंत पान भरतं, आणि विरुद्ध संघानं त्याच्याकडून नेमकं काय काढून घेतलं ते दिसायला लागतं.

सरावासाठी २०११ च्या फायनलचा चौथा सामना घ्या, मायामी विरुद्ध डॅलस. लेब्रॉन जेम्स ४६ मिनिटं खेळला, ११ शॉट घेतले, ३ पडले, एकूण ८ गुण. मायामी ८६-८३ नं हरली. पहिला रकाना भरताना लक्षात येतं की तो पुन्हा पुन्हा थ्री पॉइंट लाइनच्या बाहेर, बाजूला उभा आहे. दुसऱ्या रकान्यात जेसन किडचं नाव येतं: ३८ वर्षांचा गार्ड, लेब्रॉनपेक्षा चार इंचांनी बुटका. अशा माणसाकडे पाठ करून, त्याला मागं रेटत रिंगजवळ जायचं असतं आणि लेब्रॉन जात नाही. त्या वर्षी लोक म्हणत होते, याच्यात दमच नाही. वही सांगते की याला लो पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ तिच्याकडे पाठ करून, खेळता येत नाही. ही उणीव शिकून भरता येते. त्याच उन्हाळ्यात तो ह्यूस्टनला जुना दिग्गज हकीम ओलाजुवानकडे गेला आणि रिंगकडे पाठ करून खेळायचं फुटवर्क शिकला. २०१२ च्या फायनलमध्ये सरासरी २८.६ गुण, ओक्लाहोमावर ४-१ नं विजय.

डर्क नोविट्स्कीचं प्रकरणही याच रीतीनं वाचा. २००७ मध्ये डॅलसनं ६७ सामने जिंकले आणि पहिल्याच फेरीत आठव्या मानांकनाच्या गोल्डन स्टेटकडून हरले. गोल्डन स्टेटचा कोच डॉन नेल्सन आधी डॅलसचाच कोच होता, डर्कला आतून-बाहेरून ओळखणारा. त्यानं डर्कवर लहान, चपळ माणसं सोडली. शेवटच्या सामन्यात डर्कचे १३ पैकी फक्त २ शॉट पडले, आणि त्यानंतर काही दिवसांनी त्याच सीझनचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) पुरस्कार त्याला घ्यावा लागला. काय वाटलं असेल त्या माणसाला! चार वर्षांनी, त्याच संघाकडून, तो चॅम्पियन झाला आणि फायनलचा एमव्हीपीही.

लाल गोल जास्त दिसले तर मात्र मला काळजी वाटते. बेन सिमन्सची २०२१ ची अटलांटाविरुद्धची सिरीज बघा. ४५ फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे बिनअडथळ्याचे शॉट), त्यातले १५ पडले. सातव्या सामन्याच्या शेवटी रिंगखाली डंक करायची मोकळी संधी होती आणि त्यानं पास दिला. पुन्हा फ्री थ्रोची वेळ येऊ नये म्हणून शॉटच टाळायचा, असं ते माझ्या डोळ्याला दिसतं. त्या उन्हाळ्यात त्यानं ट्रेड, म्हणजे दुसऱ्या संघात बदली, मागितला, फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रुकलिनला गेला आणि त्या दर्जाला तो परत पोचला नाही. त्याच वर्षी यानिस अँटेटोकूम्पोचे फ्री थ्रोही वाईट होते, समोरचे प्रेक्षक मोठ्यानं सेकंद मोजून त्याला छळत होते. पण तो रिंगकडे जायचा थांबला नाही. फायनलच्या सहाव्या सामन्यात १९ पैकी १७ फ्री थ्रो टाकले, ५० गुण केले, कप उचलला. माझ्या बॅचमधल्या फ्री थ्रोला घाबरणाऱ्या प्रत्येक पोराला मी हे दोन खेळाडू पाठोपाठ दाखवतो.

आता “टीम सोडते का”. इथं कोर्टवरचं काही कामाचं नाही, कागद बघावे लागतात. कराराची किती वर्षं उरली आणि शेवटच्या वर्षाचा निर्णय खेळाडूच्या हातात आहे का, हे आधी शोधा. निर्णय त्याच्या हातात असेल तर जूनच्या अखेरीपर्यंत त्याला कळवावं लागतं. मग लीगमधली वर्षं मोजा: सहापर्यंत असतील तर जास्तीत जास्त पगार सॅलरी कॅपच्या (संघाच्या एकूण पगारांसाठी लीगनं ठरवलेल्या मर्यादेच्या) २५ टक्के, सात ते नऊला ३०, दहा आणि पुढं ३५. मोठे पुरस्कार मिळवलेल्या खेळाडूला स्वतःच्या जुन्या संघाकडून ३५ टक्के लवकर मिळू शकतात. शिवाय जुना संघ पाच वर्षांचा करार देऊ शकतो, बाहेरचा चारच वर्षांचा. म्हणजे सोडून जाणं हे पैशाच्या दृष्टीनं बहुतेक वेळा तोट्याचं असतं, आणि तरीही कोणी गेला तर तो खरोखर जिंकायला गेला असं मी मानतो. २०१६ मध्ये ओक्लाहोमा ३-१ नं पुढं असून गोल्डन स्टेटकडून हरली आणि ड्युरँट त्याच गोल्डन स्टेटमध्ये गेला. पोरं अजून त्याच्यावर रागावतात. मी नाही रागावत.

लुका डॉन्चिचचा करार पोरांना फळ्यावर लिहून दाखवण्यासारखा आहे. डॅलसनं त्याला फेब्रुवारी २०२५ मध्ये लेकर्सला दिलं, त्याबरोबर डॅलसकडून मिळू शकणारा सुमारे ३४.५ कोटी डॉलरचा पाच वर्षांचा करारही गेला. लेकर्स पहिल्याच फेरीत मिनेसोटाकडून ४-१ नं हरले. ऑगस्टमध्ये त्यानं सही केली ती फक्त तीन वर्षांच्या वाढीव करारावर, १६.५ कोटी डॉलर, आणि तिसरं वर्ष त्याच्या मर्जीवर. इतका छोटा करार का? २०२८ मध्ये त्याची लीगमधली दहा वर्षं पूर्ण होतात आणि तो ३५ टक्क्यांना पात्र होतो. त्या वर्षापर्यंत ‘लुका जाणार’ असली बातमी आली तर आधी हे गणित मांडा.

संघाची तिजोरीही बघा. २०२३ च्या नव्या नियमांत ‘सेकंड एप्रन’ नावाची पगाराची वरची रेषा आली. ती ओलांडणाऱ्या संघाला दोन-तीन पगार एकत्र करून मोठा खेळाडू आणता येत नाही. बोस्टननं २०२५ मध्ये जरू हॉलिडे आणि क्रिस्टाप्स पोर्झिंगिसला याच ओझ्यापायी दुसरीकडे धाडलं. स्टार राहतो, पण त्याच्याभोवतीचा संघ विरतो, आणि दोन वर्षांनी तोच स्टार दाराकडे बघायला लागतो. माझ्या मते यापुढं स्टार जाण्याचं मुख्य कारण हेच राहील.

कोचला काढलं यावरून काही ठरवू नका. २०१० मध्ये क्लीव्हलँडनं माइक ब्राऊनला काढलं, लेब्रॉन तरी मायामीला गेलाच.

तारखा लिहून ठेवा. फ्री एजन्सी, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंची नव्या संघांशी बोलणी, अमेरिकेत ३० जूनच्या संध्याकाळी सहाला उघडते, म्हणजे आपल्याकडे १ जुलैच्या पहाटे साडेतीनला. त्याआधीच्या बहुतेक बातम्या एजंटांनी पेरलेल्या असतात. ट्रेडच्या बातमीत दोन्ही बाजूंचे पगार जुळतात का, ते आधी बघा. जुळत नसतील तर ती पुढं पाठवू नका. ऑक्टोबरच्या शेवटी सीझन सुरू झाला की त्याच तीन रकान्यांचं नवं पान आखा आणि उन्हाळ्यात तो काय शिकून आला ते पहिल्या काही सामन्यांत शोधा. लेब्रॉनसारखं नवं काही दिसलं तर पुढचा मे महिना येईपर्यंत अलार्म लावायची तयारी ठेवा.