टीव्हीच्या पॅकची जाहिरात कशी तपासावी आणि फसवणूक झाल्यास दाद कशी मागावी

जाहिरातीत सगळ्यांत मोठ्या अक्षरात छापलेला आकडा हा बहुतेक वेळा पॅकचा खरा खर्च नसतो. तो पहिल्या काही महिन्यांचा दर असतो, आणि त्यातही बॉक्सचं भाडं, जोडणीचा खर्च, कर हे सगळं वगळलेलं असतं. केबल असो, डिश असो की इंटरनेटवरून येणारा टीव्ही, विक्रीची रीत सारखीच आहे. ही रीत ओळखता आली तर पैसे भरण्याआधी दहा मिनिटांत खरा खर्च काढता येतो. आणि तरीही फसवणूक झालीच, तर हातात पुरावा असतो. सगळी मदार त्या पुराव्यावर आहे, म्हणून आधी एक खटला सांगतो.

मार्च २०१५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, डायरेक्टीव्ही या उपग्रह टीव्ही कंपनीला न्यायालयात खेचलं. आरोप असे होते: जाहिरातीत १२ महिन्यांचा सवलतीचा दर ठळक, पण करार २४ महिन्यांचा आहे हे नीट सांगितलेलं नाही. दुसऱ्या वर्षी दरमहा ४५ डॉलरपर्यंत वाढ. मध्येच सोडलं तर ४८० डॉलरपर्यंत शुल्क. शिवाय एचबीओ, शोटाइमसारखे चॅनेल तीन महिने मोफत, पण ती मुदत संपायच्या आत ग्राहकाने स्वतःहून बंद केले नाहीत तर पैसे आपोआप सुरू.

हे वाचून कुणालाही वाटेल की निकाल कमिशनच्या बाजूने लागला असेल. तसं झालं नाही. २०१८ मध्ये न्यायालयाने बहुतेक दावे फेटाळले. कंपनीच्या छापील आणि टीव्हीवरच्या जाहिराती हजारो होत्या आणि एकमेकींपेक्षा वेगळ्या होत्या. त्या सगळ्याच दिशाभूल करतात, हे कमिशनला सिद्ध करता आलं नाही. वेबसाइटबद्दलचा दावा तेवढा शिल्लक राहिला होता, तो कमिशनने पुढे सोडून दिला. एवढी मोठी सरकारी यंत्रणा इथे अडखळली. बारीक अक्षरातली अट ‘सांगितलेली अट’ म्हणून धरली जाऊ शकते, हे लक्षात ठेवूनच जाहिरात हातात घ्यावी.

पहिली पायरी: चांदणीच्या मागे जा

दराशेजारी चांदणीचं चिन्ह किंवा ‘अटी लागू’ असं दिसलं की वर वाचणं थांबवा आणि खाली जा. मोबाइलवर ही अट बऱ्याचदा वेगळ्या दुव्यामागे किंवा बाणाखाली दडवलेली असते. तिथे चार गोष्टी शोधायच्या: सवलत किती महिने, करार किती महिने, सवलत संपल्यावर दर किती, आणि आधी सोडल्यास शुल्क किती. पहिले दोन आकडे सारखे नसतील तर खरा डाव तिथेच आहे. सवलत संपल्यावरचा दर आकड्यात न देता ‘त्या वेळी लागू असलेला दर’ असं लिहिलेलं असेल, तर तुम्ही कोऱ्या कागदावर सही करत आहात असं समजा.

काही देशांत या लपवाछपवीवर बंधन आलं आहे. ब्रिटनच्या ऑफकॉम या दूरसंचार आणि प्रसारण नियामकाने १७ जानेवारी २०२५ पासून नव्या करारांसाठी नियम केला: करार चालू असताना होणारी दरवाढ महागाईच्या टक्केवारीत न सांगता पौंड आणि पेन्समध्ये आधीच सांगायची. भारतात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत हवा. मोठा दावा एका भाषेत आणि अट दुसऱ्या भाषेत, ही जुनी युक्ती त्याने बाद होते. नियम असला तरी तो पाळला गेला आहे का, हे मात्र प्रत्येक जाहिरातीत आपणच पाहायचं.

जाहिरात आणि अटी, दोन्हींचा तारखेसह स्क्रीनशॉट याच टप्प्यावर काढा. ऑफरचं पान पुढच्या आठवड्यात बदललेलं असेल आणि मग तुमच्याकडे दाखवायला काहीच उरणार नाही.

दुसरी पायरी: महिन्याचा नाही, मुदतीचा हिशेब

समजा जाहिरातीत दरमहा ५० लिहिलंय. चलन कुठलंही धरा. सवलत १२ महिने, करार २४ महिने, दुसऱ्या वर्षी दर ९०. पहिल्या वर्षाचे ६००, दुसऱ्याचे १०८०. बॉक्सचं भाडं दरमहा १० म्हणजे आणखी २४०. जोडणीचे एकदाच ६०. एकूण झाले १९८०. त्याला २४ ने भागलं की महिन्याला साडेब्याऐंशी. जाहिरातीतला ५० आणि हा आकडा शेजारी लिहून ठेवा. कर यात धरलेला नाही, तोही मिळवा.

दोन कंपन्यांची तुलना करताना हाच अंतिम आकडा घ्यायचा. मोठ्या अक्षरातल्या आकड्यांची तुलना केली तर पहिल्या वर्षी जास्त सूट देणारा जिंकतो, आणि बऱ्याचदा दुसऱ्या वर्षी सगळ्यांत महाग पडणाराही तोच असतो.

अमेरिकेत हा हिशेब आणखी किचकट होता, कारण ‘ब्रॉडकास्ट टीव्ही फी’, ‘प्रादेशिक क्रीडा फी’ अशा नावांनी चॅनेलचाच खर्च दरातून बाहेर काढून बिलात वेगळा लावला जायचा. ही नावं सरकारी करासारखी वाटतात, पण तो पैसा कंपनीचाच असतो. तिथल्या दूरसंचार आणि प्रसारण नियामकाने, म्हणजे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, मार्च २०२४ मध्ये नियम केला की केबल आणि उपग्रह कंपन्यांनी चॅनेलचा पूर्ण खर्च जाहिरातीत आणि बिलात ठळकपणे एकाच आकड्यात दाखवावा. तुमच्या बिलात ‘फी’ किंवा ‘अधिभार’ दिसला तर विचारा: हे सरकारला जातं की तुम्हाला? उत्तर लेखी घ्या.

तिसरी पायरी: ‘२००+ चॅनेल’ उघडून पाहा

पूर्ण यादी मागवा आणि त्यातून तीन गोष्टी वजा करा: एकच चॅनेल साध्या आणि एचडी रूपात दोनदा मोजलेला, जे चॅनेल एरवीही फुकट दिसतात ते, आणि ज्यांची भाषा घरात कुणालाच येत नाही ते. उरलेल्यांत तुम्ही खरोखर पाहता ते किती, हे मोजा. भारतात ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१७ च्या चौकटीमुळे, जी २०१९ मध्ये प्रत्यक्ष लागू झाली, प्रत्येक सशुल्क चॅनेलची सुटी किंमत जाहीर करावी लागते. अशी सोय जिथे आहे तिथे हवे तेवढे सुटे चॅनेल आणि पॅक यांची तुलना करून पाहाच. पॅक दर वेळी स्वस्त पडतोच असं नाही, आणि उलटही खरं आहे.

खेळांसाठी पॅक घेणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. चॅनेल मिळाला म्हणजे सगळे सामने मिळाले असं नसतं, हक्क वेगवेगळ्या कंपन्यांत वाटलेले असतात. शिवाय चॅनेल मधूनच नाहीसा होऊ शकतो. २०२३ च्या ऑगस्टअखेर चॅनेलची मालक डिस्ने आणि अमेरिकेतली केबल कंपनी चार्टर यांचं दरावरून बिनसलं आणि ईएसपीएनसह डिस्नेचे चॅनेल जवळपास दीड कोटी ग्राहकांच्या पडद्यावरून गेले. तडजोड सप्टेंबरमध्ये झाली. असा प्रसंग आला तर बिल कमी होईल का आणि शुल्काशिवाय करार सोडता येईल का, हे सही करण्याआधी विचारायला हवं. हा प्रश्न फार थोडे जण विचारतात.

चौथी पायरी: ‘मोफत’ला तारीख लावा

मोफत चॅनेल घेतलात की त्याच क्षणी मुदत संपण्याच्या पाच दिवस आधीची आठवण फोनमध्ये लावा. बंद कसं करायचं, ॲपमधून की फोन करूनच, हेही तेव्हाच विचारून घ्या. मोफत सेवेसाठी आधीच पैसे कापण्याची परवानगी घ्यायची आणि बंद करणं अवघड करून ठेवायचं, या पद्धतीला भारतात २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक, म्हणजे ॲप-वेबसाइटवरच्या फसव्या रचनांविषयीच्या, सूचनांमध्ये ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ या नावाखाली स्थान मिळालं आहे. त्याच यादीत पैसे भरताना टप्प्याटप्प्याने किंमत वाढवत नेणं आणि न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणं हेही आहे.

पाचवी पायरी: फोनवरचं बोलणं कागदावर आणा

विक्रेता जे तोंडी सांगतो ते करारात नसेल तर ते नाहीच. त्याला एवढंच म्हणा: “तुम्ही आत्ता जे सांगितलंत ते ईमेलवर पाठवा, वाचून मी होकार कळवतो.” पाठवत नसेल तर तिथेच थांबा. ऑफर आजच संपते असं म्हणत असेल, तरीही थांबा. अमेरिकेत २०१९ च्या टेलिव्हिजन व्ह्यूअर प्रोटेक्शन ॲक्टनुसार कंपनीला कर आणि शुल्कांसह एकूण किंमत विक्रीच्या वेळी सांगावी लागते, आणि त्यानंतर २४ तासांत ग्राहकाला दंडाशिवाय माघार घेता येते. तुमच्याकडे असा कायदा असो वा नसो, एक रात्र जाऊ देण्याचा हक्क तुम्ही स्वतःला द्यावा.

सहावी पायरी: पहिली तीन बिलं ओळ न ओळ वाचा

पहिलं बिल अर्धवट महिन्याचं असतं, त्यावरून काही कळत नाही. दुसरं आणि तिसरं महत्त्वाचं. तुम्ही लिहून ठेवलेल्या हिशेबाशी प्रत्येक ओळ जुळवा. न मागितलेल्या सेवा आत शिरणं ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतल्या कॉमकास्ट या केबल कंपनीने २०१६ मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनला २३ लाख डॉलर भरले, कारण ग्राहकांनी न मागितलेले चॅनेल आणि बॉक्स बिलात लावल्याच्या तक्रारी होत्या. याच कंपनीला २०१९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या न्यायालयाने सुमारे ९१ लाख डॉलरचा दंड केला. तिथे दुरुस्ती-हमीची योजना हजारो ग्राहकांच्या माथी संमतीशिवाय मारली गेली होती आणि कायदाभंगाची मोजणी ४,४५,००० च्या वर गेली. या प्रकरणांची सुरुवात बिलातल्या लहानशा रकमांपासून झाली होती. त्यामुळे रक्कम छोटी आहे म्हणून सोडून देऊ नका.

सातवी पायरी: तक्रार

आधी कंपनीकडे, आणि फोनऐवजी ईमेल किंवा ॲपमधून, म्हणजे तक्रार क्रमांक मिळतो. मजकूर आटोपशीर ठेवा: जाहिरातीत काय होतं, बिलात काय आलं, फरक किती, तुम्हाला काय हवं आणि कोणत्या तारखेपर्यंत. राग, इतिहास, इतरांचे अनुभव यातलं काही नको. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि बिल एकत्र जोडा. वादातली रक्कम सोडून बाकीचं बिल वेळेवर भरत राहा, नाहीतर थकबाकी हाच विषय होऊन बसतो.

तिथे निकाल लागला नाही तर दोन वेगळ्या वाटा आहेत. जाहिरात थांबावी असं वाटत असेल तर जाहिरात नियामक. ब्रिटनमध्ये ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स ऑथॉरिटी, भारतात ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ही स्वयंनियमन करणारी संस्था. पैसे परत हवे असतील तर ग्राहक आयोग किंवा लवाद. या दोघांत गल्लत झाली की महिने वाया जातात, कारण जाहिरात मागे घ्यायला लावणारी संस्था सहसा तुमचे पैसे मिळवून देत नाही. प्रसारणाच्या नियामकाकडेही तक्रारीची नोंद जरूर करा. तो एकेका बिलाचा निवाडा करेलच असं नाही, पण एकाच प्रकारच्या तक्रारी साठल्या की चौकशी उघडते.

सेवा बंद करताना बॉक्स आणि रिमोट परत दिल्याची पावती अनुक्रमांकासह घ्या, बंद केल्याची तारीख लेखी मागा, बँकेतली स्वयंचलित वजावट स्वतः रद्द करा आणि त्यानंतरची दोन महिन्यांची बँक स्टेटमेंट तपासा.