मंडळीतल्या प्राध्यापकांना साथ कशी द्यावी

आपल्या चर्चच्या मंडळीत कॉलेजात शिकवणारं कुणी असलं की आपण त्यांच्या गळ्यात संडे स्कूल घालतो, नाताळचं सूत्रसंचालन घालतो. त्यांचं संशोधन कशावर चाललंय, हे मात्र विचारत नाही. सुरुवात त्या प्रश्नापासून करा.

नाशकात आम्ही काही जण महिन्यातून एकदा शरणपूर रोडवर एकाच्या घरी जमतो. आधी प्रत्येकाने कामात कुठे अडलंय ते सांगायचं, बायबलचा शास्त्रपाठ मागाहून. क्रम उलटा झाला की सगळे प्रवचन ऐकायला बसतात आणि विषय बाजूला पडतो.

आमच्यातल्या अर्थशास्त्राच्या एक मॅडम निफाडकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या कर्जावर काम करतात. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात दर सातव्या वर्षी कर्ज सोडून द्यायला सांगितलंय. त्याच अध्यायात पुढे ताकीद आहे: सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरजवंताला उसनं देताना हात आखडू नका. ते वाचून मॅडम थांबल्या. म्हणाल्या, कर्जमाफीची चाहूल लागली की सोसायट्याही नवं कर्ज देताना हात आखडतात का, हे तपासायला हवं! विश्वास आणि अभ्यास जोडणं मला इथे दिसतं. प्रश्न बायबलने सुचवला. उत्तर सोसायटीच्या खतावण्यांतूनच निघालं पाहिजे, आणि ते आपल्या मनाविरुद्ध निघालं तरी तसंच छापायचं.

इतिहासवाल्यांना तर गावातच घबाड आहे. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये शरणपूर वसवलं. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे शिकली. त्यांतला जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या पार्थिवासोबत इंग्लंडला पोचला. असा विषय कुणी घेतला तर पाळकसाहेबांनी जुनी रजिस्टरं जरूर दाखवावीत. मिशनचा गौरवच लिहा, अशी अट मात्र कृपा करून घालू नये.

वर्गात प्रचार नको. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे घटनेचं कलम २८ सांगतं. विद्यार्थ्याने आपणहून विचारलं, तर मोकळेपणी उत्तर द्यावं.

पेपर पाठवण्याआधी विभागातल्या हिंदू, मुस्लिम किंवा देव न मानणाऱ्या सहकाऱ्याला वाचायला द्या. आपल्याच माणसांना न दिसलेली फट त्यांना दिसते. प्रबंध लिहिणाऱ्याला त्या वर्षापुरतं क्वायरमधून मोकळं करा. आणि रविवारच्या प्रार्थनेत आजाऱ्यांसोबत, त्या आठवड्यात कुणाचा व्हायवा असेल तर त्याचंही नाव घ्या.