दसरा-दिवाळीतला सल्ला: रस उकळू नका, गर तापवू नका, सौर पॅनेल मात्र हलवा

आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांची, मोसंबी उतरतेय आणि बीडकडच्या बालाघाटाच्या डोंगरात सीताफळांचे डोळे उघडलेत, म्हणजे ती पिकायला आलीत. बाजारात एकदम आवक झाली की भाव पडतो, मग घरोघरी रस-गर टिकवायची धडपड सुरू होते. बहुतेक जण पातेलं चुलीवर चढवतात. या दोन्ही फळांच्या बाबतीत तिथंच घात होतो. सीताफळाचा गर तापला की कडवट होतो. मोसंबीचा रस उकळला की त्याचा ताजा वास जातो.

मोसंबीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पहिल्या वर्षी मी सोललेली फळं मिक्सरमधून काढली. दुपारी गोड लागलेला रस संध्याकाळी कडू झाला. बिया आणि पांढरी साल चिरडली गेली की लिमोनिन नावाचा पदार्थ हळूहळू कडूपणा आणतो. म्हणून फळ आडवं कापून हाताच्या यंत्रावर हलक्या दाबानं पिळा आणि रस लगेच गाळा.

आता स्क्वॅश, म्हणजे पाणी घालून प्यायचं घट्ट सरबत. 1 किलो रसाला पावणेदोन किलो साखर, 1 लिटर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी आणि 35 ग्रॅम सायट्रिक आम्ल घ्या. साखर ढवळूनच विरघळवा, आच नको. शेवटी 2 ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे दुकानदार ज्याला केएमएस म्हणतो ते परिरक्षक (रस टिकवणारी पूड), चमचाभर पाण्यात विरघळवून मिसळा. चिमटीच्या अंदाजावर जाऊ नका. सोनाराकडे असतो तसा बारीक काटा वापरा. केएमएसमधून सल्फर डायऑक्साइड सुटतो; स्क्वॅशमध्ये त्याची मर्यादा दहा लाख भागांत 350 भाग आहे, आणि वरच्या मापात आपण तिच्या आत राहतो. सायट्रिक आम्ल वगळू नका. मोसंबी मुळात कमी आंबट, आणि आंबटपणाशिवाय केएमएस नीट काम करत नाही. डाळिंब-जांभळाला मात्र केएमएस नको, रंग उडतो. तिथं सोडियम बेंझोएट हे दुसरं परिरक्षक. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या, पितळ-ॲल्युमिनियम नको. केएमएसची पूड नाकाजवळ नेऊ नका. दम्याच्या माणसाला हा स्क्वॅश देऊ नका. विकणार असाल तर अन्न परवाना काढा आणि लेबलवर परिरक्षकाचं नाव लिहा.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो: गळीची फळं रसात घालू नका. गळ जास्त असली की जीव तुटतो हे खरं; पण जमिनीवर पडलेल्या फळाला शेणामातीतले जंतू लागतात आणि आच न दिलेल्या रसात ते मारायला आपल्याकडे खात्रीचं काही नसतं. झाडावरचीच निरोगी फळं घ्या, धुऊन पुसून मग कापा.

सीताफळाचा गर हातानं काढा. बी फुटू देऊ नका, ती विषारी असते. गर काळा पडू नये म्हणून थोडी क जीवनसत्त्वाची पूड मिसळा. अर्ध्या किलोच्या पिशव्या चपट्या भरून उणे 18 अंशांवर ठेवा. चपटी पिशवी लवकर गोठते. डीप फ्रीझर गच्च भरलेला असेल आणि झाकण उघडलं नाही, तर वीज गेल्यावरही साधारण दोन दिवस गर गोठलेला राहतो. अर्धाच भरला असेल तर एकच दिवस. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा.

वीज जास्त वेळ गेली की फ्रीझरला आधार छतावरच्या सौर पॅनेलचा, इन्व्हर्टर-बॅटरीमार्गे. आणि नेमक्या याच दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कलतो. 23 सप्टेंबरला बीड-परभणीकडे दुपारचा सूर्य डोक्यापासून सुमारे 19 अंश कललेला असतो, 22 डिसेंबरला 42 अंश. पावसाळ्यात सपाट ठेवलेलं पॅनेल तसंच राहिलं तर डिसेंबरात दुपारच्या उन्हाचा चौथा हिस्सा वाया जातो. आता ते 35 अंशांवर आणा. पॅनेलची उताराची लांबी 1 मीटर असेल तर मागची कड पुढच्या कडेपेक्षा 57 सेंटिमीटर उंच हवी. फेब्रुवारीअखेर 34 सेंटिमीटर, एप्रिलपासून 17. त्याहून सपाट नको, धूळ साचते. दिशेसाठी होकायंत्र लागत नाही. उभी काठी रोवा. ऑक्टोबरात सव्वाबाराच्या आसपास तिची सावली सर्वांत आखूड होते आणि ती उत्तर दाखवते. पॅनेलचं तोंड बरोबर त्याच्या उलट.

सूर्यामागे आपोआप फिरणारा मोटारीचा ट्रॅकर दोन प्रकाशसंवेदकांवर चालतो: ज्यावर ऊन जास्त, तिकडे मोटार वळवते. निरभ्र दिवसांत उत्पादन वाढतं, खरं आहे. पण एक-दोन पॅनेलसाठी मोटार, गिअर आणि सर्किटचा खर्च मला पटत नाही. तेवढ्यात आणखी एक पॅनेल येतं आणि ते बिघडत नाही. हातानं फिरवायचा सांगाडा असेल तर सकाळी धार काढून झाली की तोंड पूर्वेकडे, अकराला मध्यावर, दोननंतर पश्चिमेकडे. सूर्य तासाला 15 अंश सरकतो, तेव्हा तासाभराची चूक चालते. संध्याकाळी बोल्ट घट्ट आवळा, परतीच्या पावसातलं वारं सैल सांगाडा उलथवतं. काचेवरची धूळ सकाळी काच गार असतानाच मऊ फडक्यानं आणि साध्या पाण्यानं पुसा.