न्यूयॉर्कच्या कम्युनिटी कॉलेजांवर लिहिताय? या चुका टाळा

शाळेतून निवृत्त झाल्यापासून शिक्षणावरचे लेख तपासून देण्याचं काम माझ्याकडे येतं. कुणाचा दिवाळी अंक असतो, कुणाचा एम.एड.चा प्रबंध, कुणाचं व्याख्यान. मुलगी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहते, त्यामुळे त्या शहरातल्या कम्युनिटी कॉलेजांच्या (म्हणजे बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजांच्या) सुरुवातीच्या वर्षांवर काहीही लिहून झालं की 'ताईंना दाखवा' असा शिरस्ता पडला आहे. विषयाला माझी ना नाही. टायरच्या जुन्या कारखान्यात वर्ग भरवणारं आणि सहा वर्षांत बंद पडता पडता वाचलेलं कॉलेज कुणालाही भुरळ घालेल. पण लेखक बदलतात, चुका मात्र जुन्याच. यातल्या दोन चुकांनी मला इतकं छळलंय की त्यांच्यावर जरा सविस्तर लिहिते. बाकीच्यांची दखल एकेका ओळीत घेतली तरी पुरे.

स्थापना कोणत्या साली झाली?

बहुतेक लेख न्यूयॉर्कच्याच ब्रॉन्क्स भागातल्या ओस्तोस कम्युनिटी कॉलेजवर असतात, म्हणून तेच उदाहरण घेऊ. न्यूयॉर्क सिटी विद्यापीठाचा कारभार बघणाऱ्या उच्च शिक्षण मंडळाने हे कॉलेज काढण्याचा ठराव केला २२ एप्रिल १९६८ रोजी. दक्षिण ब्रॉन्क्समधले पोर्तो रिकन (कॅरिबियनमधल्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटाचे) आणि इतर स्पॅनिश भाषक पुढारी त्यासाठी मागे लागले होते. पहिला वर्ग भरला तो सप्टेंबर १९७० मध्ये, ६२३ विद्यार्थ्यांचा, ४७५ ग्रँड कॉनकोर्स या पत्त्यावरच्या जुन्या टायर कारखान्यात. म्हणजे ठराव आणि पहिला तास यांत दोन वर्षांहून अधिक अंतर. आपल्याकडे जून १९६८ मध्येच घंटा वाजली असेल असं गृहीत धरून लोक '१९६८ साली ६२३ विद्यार्थ्यांनिशी' असं बिनदिक्कत ठोकून देतात.

इथवर ठीक आहे, हे दुरुस्त करता येतं. खरा खड्डा पुढे आहे. ठरावाला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, २२ एप्रिल १९६९ रोजी, त्याच विद्यापीठाच्या हार्लेममधल्या सिटी कॉलेजात कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन विद्यार्थ्यांनी दक्षिण आवाराला टाळं ठोकलं. तारीख तीच, महिना तोच, शहर तेच. वर्ष तेवढं वेगळं.

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी स्वतः यावर लिहिलं होतं. दोन तारखा, दोन वेगळी वाक्यं. मुद्रितं तपासणारा मुलगा हुशार होता, हीच अडचण. '२२ एप्रिल' दोनदा आलेलं पाहून त्याला वाटलं की बाईंची नजरचूक झाली. त्याने दोन्ही वाक्यांचं एक करून टाकलं. अंक हातात आला तेव्हा माझ्या नावाखाली छापलेलं होतं की २२ एप्रिल १९६९ रोजी विद्यार्थ्यांनी सिटी कॉलेज ताब्यात घेतलं आणि त्याच दिवशी मंडळाने ओस्तोस कॉलेजची स्थापना केली. म्हणजे सकाळी टाळं आणि संध्याकाळी कॉलेज! मी फोन केला तर संपादक म्हणतात, "ताई, एक वर्ष चुकलं होतं, आमच्या मुलाने बघा कसं बरोबर पकडलं." त्यावर काय बोलणार? फोन ठेवला आणि चहा टाकला.

गोष्ट तिथेच संपली असती तर मी विसरूनही गेले असते. पण पुढच्या वर्षी एक प्रबंध तपासायला आला. त्यात एक अख्खं प्रकरण होतं, एका दिवसाच्या आंदोलनातून कॉलेज कसं उभं राहिलं यावर. आधार म्हणून दिला होता माझाच लेख. त्या मुलीला समजावताना माझी काय अवस्था झाली असेल ते विचारू नका. तिचा प्रश्न रास्त होता: "पण मॅडम, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

ही चूक नुसती सालाची नाही, म्हणून इतकं लिहिते. ठराव आंदोलनाच्या आधीचा आहे हे कळलं की चित्र पालटतं. वस्तीतल्या लोकांनी अर्ज-विनंत्या करून, मंडळाच्या दारात खेटे घालून कॉलेज मंजूर करून घेतलं होतं. ते मधलं वर्ष गाळलं की त्यांचं श्रेय परस्पर दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं. सिटी कॉलेजच्या मुलांनी जे मिळवलं ते वेगळं होतं, आणि त्यावर मी खाली येतेच.

माझा उपाय अगदी घरगुती आहे. पाठकोऱ्या कागदावर चार चौकटी आखते: ठराव कधी, पहिला तास कधी, स्वतःची जागा कधी, जिवावरचं संकट कधी. चारही भरल्याशिवाय लेखाला हात लावत नाही. ओस्तोसच्या चौकटी भरतात १९६८, १९७०, १९७४ आणि १९७६ अशा. १९७४ मध्ये राज्य विधिमंडळाने खास विधेयक करून मोठी जागा मिळवून दिली. १९७६ मध्ये शहराच्या तिजोरीत खडखडाट झाला आणि मंडळाने ओस्तोसला ब्रॉन्क्स कम्युनिटी कॉलेजात विलीन करायचं ठरवलं. विद्यार्थी आणि शिक्षकांनी इमारत ताब्यात घेतली, सुमारे वीस दिवस तिथेच मुक्काम ठोकला, शेवटी पोलीस आले आणि अटका झाल्या. कॉलेज वाचलं. चारातली एक जरी चौकट रिकामी असेल तर तुम्ही कॉलेजच्या माहितीपत्रकातला परिच्छेद उतरवताय एवढंच. माहितीपत्रकात स्थापनेनंतर थेट आजची विद्यार्थिसंख्या येते. मधल्या मारामाऱ्या कुणी छापत नाही.

क्वीन्सच्या लाग्वार्डिया कॉलेजलाही हेच लागू: मंजुरी १९६८ ची, पहिले ५३७ विद्यार्थी आले सप्टेंबर १९७१ मध्ये.

'ओपन' म्हणजे ओपन नव्हे

ही माझी दुसरी दुखरी नस. १९७० मध्ये न्यूयॉर्क सिटी विद्यापीठाने 'ओपन ॲडमिशन्स' धोरण लागू केलं. शहरातल्या हायस्कूलमधून उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाला विद्यापीठाच्या कुठल्या ना कुठल्या कॉलेजात जागा मिळणार, असा त्याचा अर्थ. बेत होता १९७५ चा. सिटी कॉलेजच्या टाळ्यानंतर मंडळाने तो पाच वर्षं अलीकडे ओढला. वर्षभरात नवे प्रवेश २० हजारांवरून ३५ हजारांच्या जवळ गेले.

आता महाराष्ट्रात 'ओपन' म्हटलं की माणसाच्या डोक्यात काय येतं ते मी सांगायला नको. एका गावी यावर व्याख्यान दिलं. तासभर बोलले. घसा कोरडा. शेवटी पहिल्या रांगेतले एक गृहस्थ समाधानाने म्हणाले, "म्हणजे तिकडेही ओपनवाल्यांवरचा अन्याय दूर केला म्हणायचा." सभागृहात टाळ्या! एका लेखात तर 'खुल्या प्रवर्गातील प्रवेश' असं शुद्ध मराठीत भाषांतरही वाचलंय. मशीनला टाकायचं, पाच मिनिटांत लेख तयार. मशीन बिचारं काय करणार, त्याने कधी आपल्याकडचा अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरलेला नसतो.

आणि याचं दुसरं टोकही तितकंच चुकीचं आहे. काही जण उत्साहाने 'ओपन ॲडमिशन्स म्हणजे अमेरिकेतलं आरक्षण' असं लिहितात. सिटी कॉलेजच्या मुलांच्या पाच मागण्यांत एक आरक्षणाच्या जवळ जाणारी होती खरी: शहरातल्या हायस्कूलांत कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन मुलांचं जे प्रमाण आहे तेच प्रवेशातही दिसावं. मंडळाने ती तशी मान्य केली नाही, सगळ्यांनाच दार उघडलं. त्यामुळे कामगार वस्त्यांतली इटालियन, आयरिश वंशाची गोरी मुलंही मोठ्या संख्येने आत आली. मागणी एक, मिळालं दुसरं. लेखातली सगळ्यात रंजक जागा हीच, आणि घाईत नेमकी तीच निसटते.

मी काय करते? 'ओपन ॲडमिशन्स' असं एकदाच लिहिते आणि लगेच पुढे 'हायस्कूल पास झालेल्या प्रत्येकाला जागा' असं साध्या भाषेत सांगते. मग लेख संपेपर्यंत दुसराच शब्दप्रयोग वापरते. पाठ्यपुस्तकी पद्धत नाही ही, पण पहिल्या रांगेतले गृहस्थ पुन्हा भेटलेले नाहीत.

शब्दांनी केलेले घात

'ओपन'ची भावंडं पुष्कळ आहेत. 'कम्युनिटी' हा शब्द आपण समाज, जात या अर्थाने वापरतो, त्यामुळे 'पोर्तो रिकन समाजाने आपल्या समाजासाठी काढलेलं कॉलेज' असं वाक्य हमखास येतं, जणू एखाद्या ज्ञातिसंस्थेचं बोर्डिंग. ओस्तोस हे सार्वजनिक, सरकारी पैशावर चालणारं कॉलेज. कम्युनिटी म्हणजे इथे आसपासची वस्ती. 'ज्युनियर कॉलेज' हे अशा कॉलेजांचं अमेरिकेतलं जुनं नाव, १९०१ मध्ये जोलिएटला सुरू झालेलं असंच म्हणवतं. पण मराठीत ते लिहाल तर वाचक अकरावी-बारावी समजणारच. ही दोन वर्षं बारावीनंतरची. आणि 'बोर्ड'ने ठराव केला असं लिहू नका हो, लोकांना दहावीचा निकाल आठवतो.

'स्पॅनिश माध्यमाचं कॉलेज' हेही तसंच. ओस्तोस पहिल्यापासून द्वैभाषिक होतं. इंग्रजी कच्चं असलेल्या विद्यार्थ्याने आधी दोन वर्षं भाषाच घोटत बसू नये, विषय स्पॅनिशमध्ये सुरू करावेत आणि जोडीला इंग्रजी शिकत जावं, अशी ती कल्पना. सेमी-इंग्रजीशी तुलना करायचा मोह होतो, मलाही झाला होता. पण सेमीत मूल मातृभाषेच्या शाळेत राहून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकतं. इथे इंग्रजीच्या शहरात राहून विषय मातृभाषेतून. दिशा उलटी आहे.

'परदेशातून आलेले पोर्तो रिकन निर्वासित'? पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. पुढे चला.

इमारती आणि पत्ते

लाग्वार्डिया कॉलेज 'फोर्ड मोटारींच्या कारखान्यात' सुरू झालं, हे वाक्य मी आजवर सहा वेळा तरी खोडलंय. ती इमारत फोर्ड इन्स्ट्रुमेंट कंपनीची. संस्थापक हॅनिबल फोर्ड, हेन्री नव्हे. ही कंपनी युद्धनौकांच्या तोफांचा नेम साधणारी गणकयंत्रं बनवायची. आणि हे कॉलेज लाँग आयलंड सिटीत आहे, त्या नावाच्या विमानतळापाशी नाही. आमच्या एका नातेवाइकांनी भाच्याला कॉलेजवर सोडायला म्हणून टॅक्सी केली आणि थेट विमानतळावर उतरले. लेखात ही चूक निदान पैसे तरी घेत नाही.

छायाचित्राचंही तेच. हिरवळ, खारी, आयव्हीने मढलेल्या भिंती असलं काही लावू नका. ओस्तोसच्या दारात भुयारी रेल्वेचं १४९वा रस्ता हे स्थानक आहे आणि समोर रस्त्यावरची वाहतूक. कामावरून उतरून थेट वर्गात येता यावं, अशीच ती जागा.

'जळत्या ब्रॉन्क्समध्ये ज्ञानाचा दिवा' हे शीर्षक बाद. कायमचं.

फुकट होतं का?

शिक्षण शुल्क १९७६ पर्यंत नव्हतं, बरोबर. त्या वर्षी मे अखेरीस पगाराला पैसे नाहीत म्हणून अख्खं विद्यापीठ दोन आठवडे बंद राहिलं आणि उघडलं ते शुल्क घेऊनच. पण इतर किरकोळ आकार आधीही होते, म्हणून 'एक पैसाही लागत नसे' असं लिहू नका. आणि 'ओपन ॲडमिशन्समुळे विद्यापीठ बुडालं' असं एका ओळीत उरकणाऱ्यांना माझी विनंती, त्या वेळी शहरच दिवाळखोरीच्या काठावर होतं, विद्यापीठ हा त्यातला एक खर्च.

सिद्धार्थशी तुलना

हा मोह मराठी लेखकाला आवरत नाही, आणि तो मला आवडतोही. मुंबईचं सिद्धार्थ कॉलेज २० जून १९४६ रोजी सुरू झालं, नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग भरवत. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये कोलंबियात शिकले. तेव्हा धागा जोडा, अवश्य जोडा. पण सिद्धार्थ हे पूर्ण पदवीचं कॉलेज, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने काढलेलं, आणि ओस्तोसच्या २४ वर्षं आधीचं. 'ओस्तोसच्या धर्तीवर सिद्धार्थ' असं वाक्य एकदा वाचलं तेव्हा लाल पेन्सिलीचं टोक मोडलं.

नाव

एउखेन्यो मारिया दे ओस्तोस, १८३९ ते १९०३, पोर्तो रिकोचे शिक्षणतज्ज्ञ. पोर्तो रिको स्वतंत्र झाल्याशिवाय आपले अवशेष तिथे नेऊ नयेत अशी त्यांची इच्छा होती, म्हणून ते आजही डोमिनिकन रिपब्लिकमध्ये आहेत. स्पॅनिशमध्ये सुरुवातीचा 'ह' उच्चारत नाहीत, म्हणून मी ओस्तोस लिहिते. इंग्रजी वळणाने होस्टोस लिहिलंत तरी मी भांडणार नाही, फक्त सगळीकडे एकच ठेवा. आणि लेख पाठवण्याआधी एकदा शोधून बघा. मागच्या महिन्यात आलेल्या लेखात संगणकाने परस्पर 'हॉस्टेल कम्युनिटी कॉलेज' केलं होतं, अकरा ठिकाणी, आणि लेखकाने त्या आधारावर वसतिगृहावर एक परिच्छेदही वाढवला होता.