आपलीच गाणी गाऊन जगायचं असेल तर

गाणं पुरं झालं असं वाटलं की मी गिटार बाजूला ठेवते, कुणीतरी एक माणूस समोर बसवते आणि ते नुसत्या आवाजात गाते. ठेका नाही, आधाराला तार नाही. तिसऱ्या ओळीपर्यंत समोरच्याची नजर दुसरीकडे गेली तर गाणं अजून झालेलं नाही, असं मी धरून चालते. गेली १४ वर्षं मी स्वतः लिहिलेली गाणी गाते आहे. या काळात जी जी कामं शिकले ती सगळी शेवटी याच कसोटीपाशी येतात. गाणं एका आवाजावर उभं असेल तर साधं रेकॉर्डिंग चालतं, छोटी खोली चालते, आजारपणात आठ महिने गप्प बसावं लागलं तरी चालतं.

मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या आधाराशिवाय, लोकगीताच्या वळणाची स्वतःची गाणी करायची असतील, म्हणजे ज्याला इंडी फोक म्हणतात ते, तर हे तुमच्यासाठी आहे. पंधरा-वीस गाणी गाठीशी असतील तर हक्कांचा भाग आधी वाचा. तिथे झालेली चूक निस्तरायला सगळ्यात जास्त वर्षं लागतात.

लिहिण्याआधी पाठ करा

स्वतःचं पहिलं गाणं लिहिण्याआधी किमान वीस जुनी गाणी तोंडपाठ करा. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या अमेरिकन अभ्यासकांनी इंग्रजी आणि स्कॉटिश कथागीतं गोळा करून १८८२ ते १८९८ या काळात छापली, ती ३०५ आहेत. त्यांतली मी पंचवीसेक गायली असतील. कुणी लिहिली ते कुणालाच ठाऊक नाही. पिढ्यान्‌पिढ्या तोंडातोंडी फिरताना नको ते गळून गेलं आणि लागतं तेवढंच उरलं. गोष्ट मधूनच सुरू होते, कुणाला काय वाटलं ते सांगत बसत नाहीत, कोण आलं आणि काय म्हणालं एवढंच येतं. ध्रुवपदाचे शब्द दर वेळी तेच असतात, पण मधल्या कडव्यात काहीतरी घडून गेलेलं असतं, म्हणून ते वेगळे लागतात. हे पुस्तकात वाचून कळत नाही. पन्नास वेळा गायल्यावर गळ्यात बसतं.

मग वही घ्या आणि भावना लिहायचं टाळा. माझी आजी गेली तेव्हा मी जे पहिलं गाणं लिहिलं त्यात ‘आठवण’ हा शब्द सहा वेळा होता. ते पान अजून वहीत आहे. गाऊन दाखवलं तेव्हा लोक माझ्याकडे पाहून हळहळले, गाण्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. दोन महिन्यांनी एक गोष्ट आठवली. सगळे निघून गेल्यावर मी टेबलावरचा तिचा चष्मा उचलून डबीत ठेवला आणि झाकण लावलं. त्यावरून दोन ओळी आल्या:

चष्मा ठेवला, डबी मिटली, टक् झालं
तेवढ्यानं सगळं घर गप्प झालं

बाकीचं गाणं या दोन ओळींभोवती बांधलं. आता ‘टक्’ हा शब्द बघा. तो व्यंजनावर तुटतो, त्यावर स्वर लांबवता येत नाही. म्हणून तो आखूड मात्रेवर ठेवला आणि त्याच क्षणी तळहातानं तारा दाबल्या. ‘झालं’मधला ‘झा’ मात्र दीर्घ आहे, तिथे दोन मात्रा थांबता येतं. ‘मिटली’तला ‘मि’ ओढला असता तर ‘मीटली’ ऐकू आलं असतं आणि ऐकणारा तिथेच अडखळला असता. आपल्या भाषेत लिहिताना चाल आणि ऱ्हस्व-दीर्घ यांचं असं जमवावंच लागतं. चाल फार गोड असेल आणि शब्द वाकडा होत असेल, तर मी चाल बदलते.

यमकाच्या मागे लागू नका.

हात कुठे अडतो ते पाहा

कॅनडाच्या गायिका-गीतकार जोनी मिचेल यांना नवव्या वर्षी पोलिओ झाला होता. डाव्या हातात पुरेशी ताकद नव्हती, नेहमीचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरणं कठीण जायचं, म्हणून त्यांनी तारा वेगवेगळ्या सुरांत लावायला सुरुवात केली आणि पुढे पन्नासहून जास्त ट्यूनिंग वापरली. अमेरिकन लोकगायिका एलिझाबेथ कॉटन डावखुऱ्या होत्या. उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरून त्या अंगठ्यानं चाल आणि बोटांनी खालचे सूर वाजवायच्या. त्यांचा पहिला अल्बम १९५८ मध्ये आला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. ग्रॅमी मिळालं १९८५ मध्ये. दोघींच्या वादनाची ओळख त्यांच्या अडचणीतूनच झाली. तुमच्या हाताला जे जमत नाही त्याच्याशी झगडण्यात सगळी वर्षं घालवू नका. त्याला वळसा कसा घालायचा ते शोधा.

सुरुवातीला डी-ए-डी-जी-ए-डी (सहाव्या, जाड तारेपासून पहिलीपर्यंतचे सूर) हे ट्यूनिंग लावून बघा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला गिटारवादक डेव्ही ग्रॅहम यांनी ते ब्रिटिश फोकमध्ये रुजवलं. नेहमीच्या ट्यूनिंगमधून सहावी तार ई वरून डी, दुसरी बी वरून ए आणि पहिली ई वरून डी अशी उतरवायची. तार उतरवताना हव्या त्या सुराच्या थोडं खाली जा आणि मग वर चढवत सुरावर आणा. वरून थेट सुरावर आणून सोडली तर खुंटीत ढील राहते आणि दुसऱ्या कडव्यात तार उतरते. या ट्यूनिंगमध्ये सूर धड आनंदी नाही, धड उदास नाही असा मध्येच तरंगतो. डबीच्या गाण्याला तेच हवं होतं.

घरचं रेकॉर्डिंग

चांगला स्टुडिओ परवडेपर्यंत थांबू नका. इंग्लिश गायक निक ड्रेक यांनी तिसरा अल्बम ऑक्टोबर १९७१ मध्ये दोन रात्रींत रेकॉर्ड केला. स्टुडिओ होता, पण आत ते आणि ध्वनिमुद्रक जॉन वुड दोघंच. आवाज, गिटार आणि एका गाण्यात थोडा पियानो. ‘आयर्न अँड वाइन’ या नावानं गाणारे सॅम बीम चित्रपटकला शिकवायचे. २००२ मध्ये आलेला त्यांचा पहिला अल्बम घरच्या चार ट्रॅकच्या मशीनवरचा आहे. जस्टिन व्हर्नन यांनी ‘बॉन इव्हेर’ या नावाचा पहिला अल्बम २००६-०७ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमध्ये वडिलांच्या शिकारीच्या केबिनमध्ये केला.

माझी पद्धत सांगते. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवते आणि त्याच्याकडे पाठ करून बसते. बाजूच्या उघड्या भिंतीवर गोधडी टांगते. पंखा, फ्रिज बंद. माइक कार्डिऑइड, म्हणजे समोरचं नीट ऐकणारा आणि मागचं कमी ऐकणारा. तो गिटारच्या गोल भोकासमोर लावायचा मोह होतो, पण तिथून नुसता घुमणारा खर्ज येतो. गिटारची मान जिथे धडाला मिळते तिथे, बाराव्या ते चौदाव्या फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या पट्टीच्या) समोर, २० ते ३० सेंटिमीटरवर लावा. मग डोळे मिटून माइक दोन-दोन बोटं सरकवत ऐका. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सगळ्यात मोठा आवाज उणे १० डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा, म्हणजे जोरात गायलात तरी आवाज फाटत नाही. तारा दोन दिवस आधी बदला. अगदी नव्या तारा किणकिणतात आणि सुरात टिकत नाहीत.

गाताना वाजवत असाल तर रेकॉर्डही एकत्रच करा. वेगवेगळं केलं की दुरुस्ती सोपी जाते, पण आवाज गिटारसाठी थांबतो आणि गिटार आवाजासाठी थांबते, ते निघून जातं. पहिल्या रेकॉर्डिंगच्या वेळी मी दोन रात्री बसून ओळींमधले सगळे श्वास कापले होते. ऐकलं तर कुणी माणूस गात आहे असं वाटेना. सगळं पुन्हा गायले आणि श्वास ठेवले.

हक्क, म्हणजे गाणं कुणाचं

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी ध्वनिमुद्रण, म्हणजे त्या दिवशी त्या खोलीत टिपलेला तो आवाज. दोन्हींचे मालक वेगळे असू शकतात, दोन्हींचे पैसे वेगळ्या वाटांनी येतात.

मला हे २३ व्या वर्षी ठाऊक नव्हतं. एका छोट्या कंपनीनं चार गाण्यांचं रेकॉर्डिंग करून द्यायचं कबूल केलं, तीन पानी करार समोर ठेवला, मी आनंदानं सही केली. दुसऱ्या पानावर ‘कायमस्वरूपी’ असा शब्द होता. ती चार ध्वनिमुद्रणं आजही त्यांचीच आहेत. कंपनी बंद पडल्यातच जमा आहे, गाणी कुठेही ऐकायला मिळत नाहीत आणि मला ती परतही मिळत नाहीत. रचना माझ्याकडे राहिल्या होत्या एवढं बरं. पाच वर्षं तीच गाणी पुन्हा रेकॉर्ड करायची नाहीत असंही एक कलम होतं. ती मुदत संपली त्या आठवड्यात मी चारही नव्यानं गायले. ती पाच वर्षं अजूनही मला सलतात.

म्हणून करार हाती आला की आधी पाच गोष्टी शोधा: ध्वनिमुद्रणाचा मालक कोण, मुदत किती, कुठल्या प्रदेशापुरता, दुसरीकडे काम करायला बंदी आहे का, आणि कंपनी बुडाली किंवा गाणं बाजारात ठेवलं नाही तर हक्क परत येतात का. पाचांपैकी एकाचंही उत्तर कागदावर नसेल तर ते लिहून मागा. सही करण्याआधी वकिलाकडून वाचून घ्या. अमेरिकन गायिका ॲनी डिफ्रँको यांनी १९९० मध्ये, विशीच्या आसपास, स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढलं ते याच मालकीसाठी. लेबल म्हणजे मोठं ऑफिस असायला हवं असं नाही. नाव, हिशेबाची वही आणि नीट ठेवलेले कागद यावर ते सुरू होतं.

रचना परफॉर्मिंग राइट्स, म्हणजे जाहीरपणे गाण्या-वाजवण्याचे हक्क, सांभाळणाऱ्या संस्थेकडे नोंदवा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा कोड घ्या. तेच गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं तर कोड नवा लागतो. आणि कुणाबरोबर मिळून गाणं केलंत तर त्याच दिवशी, चहाचे कप उचलण्याआधी, कुणाचे किती टक्के ते कागदावर लिहून दोघांनी सही करा. मैत्री टिकवायची असेल तर हे कराच.

पैशाबद्दल थोडक्यात: स्ट्रीमिंगमधून सुरुवातीला नावापुरतंच येतं. माझं घर कार्यक्रम, कार्यक्रमानंतर हातोहात विकलेले अल्बम, गिटारच्या शिकवण्या आणि मधूनच एखाद्या लघुपटात वापरलेलं गाणं यांवर चालतं. नोकरी सोडायची घाई करू नका. श्रोत्यांचे ईमेल पत्ते पहिल्या कार्यक्रमापासून, त्यांना विचारून, लिहून ठेवा. ॲप बदलतात, ही यादी तुमच्याजवळ राहते.

खोलीत गाताना

चाळीस मिनिटं मिळाली तर आठ गाणी पुरतात. क्रम ट्यूनिंगनुसार लावा, म्हणजे तीन-तीन गाणी एकाच ट्यूनिंगमध्ये होतात आणि लोकांना खुंट्या पिळणं बघत बसावं लागत नाही. गिटारच्या पेटीत तारांचा जादा संच, जादा केबल, कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा), ट्यूनर आणि पिकअपसाठी (गिटारचा आवाज ध्वनियंत्रणेकडे नेणाऱ्या यंत्रासाठी) ९ व्होल्टची बॅटरी हवीच. गिटार घुमायला लागली तर गोल भोकाला रबरी झाकण लावा आणि ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याला १०० ते २०० हर्ट्झमधला भाग कमी करायला सांगा. त्याचं नाव पोहोचल्यावर लगेच विचारून घ्या. पुढचे दोन तास तुमचा आवाज त्याच्या हातात असतो.

एका कार्यक्रमाला १९ माणसं होती. डबीच्या गाण्यात दुसऱ्या कडव्याला तिसरी तार तुटली आणि उरलेल्या तारा बेसूर झाल्या. मी गिटार खाली ठेवली आणि माइकपासून दोन पावलं पुढे येऊन उरलेलं गाणं तसंच गायले. ‘टक्’वर हाताशी दाबायला तारा नव्हत्या, म्हणून तिथे फक्त थांबले. ती शांतता अजून आठवते. तेव्हापासून ते गाणं मी बहुतेक वेळा तसंच गाते.

गळ्याची काळजी घ्या. कार्यक्रमाआधी दहा मिनिटं तोंड मिटून गुणगुणा, मग बारीक स्ट्रॉमधून सूर काढा. त्यानं स्वरतंतूंवर ताण न पडता गळा जागा होतो. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. घरगुती उपायांवर मी दोन महिने काढले आणि त्याची किंमत आठ महिन्यांच्या मौनानं मोजली.

सगळं जपून ठेवा

इंग्लिश गायिका व्हॅश्टी बन्यन यांचा पहिला अल्बम १९७० मध्ये आला आणि फारसा कुणी ऐकला नाही. त्यांनी गाणं सोडलं. २००० मध्ये तो पुन्हा प्रसिद्ध झाला, नव्या पिढीनं उचलून धरला आणि दुसरा अल्बम आला २००५ मध्ये, ३५ वर्षांनी. तुमचं गाणं कधी कुणापर्यंत पोहोचेल ते तुमच्या हातात नाही, पण ते सापडेल अशा जागी ठेवणं आहे. मूळ रेकॉर्डिंगच्या तीन प्रती ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या घरात. प्रत्येक गाण्याबरोबर एक पान असू द्या, म्हणजे वीस वर्षांनी तुम्हाला किंवा दुसऱ्या कुणाला ते जसंच्या तसं वाजवता येईल. माझ्या एका पानावर असं आहे:

डबी. शब्द आणि चाल माझी, १०० टक्के. डी-ए-डी-जी-ए-डी, कॅपो दुसऱ्या फ्रेटवर. लय संथ, श्वासाप्रमाणे. ‘टक्’वर तारा दाबणे. गिटार नसेल तर थांबणे, मनात चार मोजून पुढची ओळ.